आरंभ आणि अखेर : मासिकातील लेख व शोधनिबंध यांच्या दोन वाटा

राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांत आणि वर्धा नदीपलीकडच्या बल्लारपूर-चंद्रपूर परिसरात लिहिण्याजोग्या विषयांची वानवा नाही. कोळशाच्या खुल्या खाणी, सिमेंटचे कारखाने, कापूस-सोयाबीनची शेती, माणिकगड पहाडावरील गोंड व कोलाम वस्त्या, वाघ आणि माणूस यांचा संघर्ष असे विषय येथे गावागावांत आहेत. त्यांची माहिती गोळा करणारे प्राध्यापक, शिक्षक, कार्यकर्ते आणि विद्यार्थीही आहेत. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना संशोधनाचे केंद्रही जवळ आले. मात्र हाती आलेली माहिती कागदावर उतरवताना पहिल्याच परिच्छेदात अनेकांची लेखणी अडखळते. दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख शोधनिबंधासारखा सुरू होतो आणि शोधनिबंध दिवाळी अंकातील लेखासारखा संपतो. पहिला संपादकाकडून परत येतो, दुसरा परीक्षकाकडून.

असे का व्हावे? भाषा तीच, विषय तोच, लिहिणाराही तोच. मग आरंभ आणि अखेर या दोन ठिकाणीच इतका फरक का पडतो? याचे उत्तर शैलीपेक्षा वाचकाशी होणाऱ्या करारात आहे.

दोन वाचक, दोन करार

मासिकाचा वाचक हा पाहुणा असतो. त्याने अंक विकत घेतला असला तरी त्यातील अमुक लेख वाचलाच पाहिजे, असे त्याच्यावर बंधन नसते. पान उलटण्याचे स्वातंत्र्य त्याला पहिल्या ओळीपासून असते. म्हणून मासिकातील लेखाला आरंभीच वाचकाला थांबवावे लागते आणि अखेरीस रिकाम्या हाताने न पाठवण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

संशोधनपत्रिकेचा वाचक वेगळा. तो काहीतरी शोधत आलेला असतो. शंभर निबंधांतून आपल्या कामाचे पाच त्याला निवडायचे असतात. त्याला थांबवण्याची गरज नसते. ‘हा निबंध तुमच्या कामाचा आहे किंवा नाही’ हे त्याला लवकरात लवकर सांगणे, हेच सौजन्य ठरते. त्यामुळे मासिकाचा लेखक जे अखेरपर्यंत राखून ठेवतो, ते शोधनिबंधाचा लेखक पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो.

हे दोन प्रकार एकाच वेळी जन्मलेले नाहीत. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या पत्रिकेचा आरंभ १६६५ चा. त्या काळातील निबंध बहुधा पत्रांच्या स्वरूपात असत आणि पत्रासारखेच सुरू होत व संपत. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. याच जांभेकरांनी शिलालेख व ताम्रपटांवर संशोधनपर निबंधही लिहिले, ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेसाठी. सामान्य वाचकासाठी एक लेखणी आणि विद्वानांसाठी दुसरी, ही परंपरा मराठी नियतकालिकांच्या पहिल्या पिढीपासूनच चालत आली आहे, असे म्हणता येईल.

मासिकातील लेख कसा उघडतो?

मासिकातील लेखाचे दार साधारणपणे चार प्रकारे उघडते. एखादा प्रसंग, एखादी विसंगती, एखादा प्रश्न किंवा नुकतीच घडलेली घटना. मात्र केवळ प्रसंग सांगून भागत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात ‘हा प्रसंग तुम्हाला का सांगितला’ याचे उत्तर द्यावे लागते. एका घरापासून सुरू झालेली गोष्ट तालुक्याची, जिल्ह्याची किंवा राज्याची कशी आहे, हे सांगणारा हा परिच्छेद म्हणजे लेखाचा कणा. तो नसेल तर लेख किस्सा होऊन राहतो. तो फार लवकर आला तर लेख निबंध वाटू लागतो.

दैनिकातील बातमीची रीत याहूनही निराळी. बातमीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात येते आणि महत्त्व उतरत जाते. जागा कमी पडली तर शेवटचे परिच्छेद कापता यावेत, हा त्यामागचा जुना व्यवहार. म्हणूनच बातमीला खऱ्या अर्थाने अखेर नसते. मासिकातील लेखाचा शेवटचा परिच्छेद मात्र कापला तर लेख पांगळा होतो.

शोधनिबंध कसा उघडतो?

शोधनिबंधाचे पहिले दार म्हणजे शीर्षक, दुसरे गोषवारा आणि तिसरे प्रस्तावना. शीर्षकात विषय, स्थळ आणि बहुधा पद्धतही असते. गोषवाऱ्यात संपूर्ण निबंधाचे सार येते. १९८७ पासून वैद्यकीय पत्रिकांनी गोषवाऱ्याचेही उद्देश, पद्धती, निष्पत्ती, निष्कर्ष असे कप्पे पाडण्यास सुरुवात केली, जेणेकरून घाईतल्या डॉक्टरला हवे ते चटकन सापडावे. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा निबंधाचा चार खोल्यांचा आराखडाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सार्वत्रिक झाला.

प्रस्तावनेची घडण कशी असते, याचा पद्धतशीर विचार भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी केला. १९९० मधील त्यांच्या मांडणीनुसार प्रस्तावना तीन पावले टाकते. पहिल्या पावलात विषयाचे क्षेत्र आखले जाते आणि ते महत्त्वाचे का, हे सांगितले जाते. दुसऱ्या पावलात त्या क्षेत्रातील मोकळी जागा, म्हणजे आजवर कोणी न पाहिलेला किंवा अपुरा राहिलेला भाग दाखवला जातो. तिसऱ्या पावलात ‘ती जागा प्रस्तुत निबंध अशी भरतो’ हे जाहीर केले जाते. आपल्याकडील अनेक निबंध पहिल्या पावलावरच रेंगाळतात. आदिवासींच्या आरोग्यावरील निबंधात दोन पाने भारतीय संस्कृतीवर खर्च होतात आणि मोकळी जागा दाखवण्याचे दुसरे पाऊल राहूनच जाते. परीक्षक नेमके तेच शोधत असतो.

इतिहास आणि पुरातत्त्व या विषयांत याहून काटेकोर अशी एक जुनी रीत आहे. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ असो किंवा नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारखे अभ्यासक असोत, ताम्रपटावरील निबंध बहुधा तो कोठे मिळाला, कोणाकडे आहे, किती पत्रे आहेत, लिपी व भाषा कोणती, येथूनच सुरू होतो. आधी वस्तू वाचकासमोर ठेवायची आणि मग तिच्याविषयी बोलायचे, हा त्यामागचा दंडक.

गडचिरोलीचे उदाहरण

या सगळ्याचा अर्थ समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत केलेले काम ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले आहे. १९८९ मधील त्यांचा निबंध दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. निबंधाच्या शीर्षकात दुःख, वेदना, मौन यांपैकी एकही शब्द नाही. ग्रामीण भारतीय स्त्रियांमधील स्त्रीरोगांचे मोठे प्रमाण, एवढेच ते सांगते. हाच विषय एखाद्या मासिकाने घेतला असता तर तो तपासणीला प्रथमच आलेल्या एखाद्या स्त्रीच्या संकोचापासून सुरू झाला असता. दोन्ही आरंभ खरेच ठरले असते. पहिल्याने डॉक्टरांना व धोरणकर्त्यांना आकडा नाकारता येऊ नये अशी सोय केली. दुसऱ्याने वाचकाला त्या आकड्यामागची बाई दाखवली असती.

डिसेंबर १९९९ मधील त्यांचा निबंध तर आरंभ-अखेरीचा वस्तुपाठच म्हणावा. विकसनशील देशांतील बहुतेक नवजात बालकांना रुग्णालयातील उपचार मिळत नाहीत, कारण रुग्णालये दूर आणि महाग, हे त्याच्या गोषवाऱ्याचे पहिले विधान. लगेच पुढे उपाय येतो : जंतुसंसर्गावरील उपचारांसह घरच्या घरी नवजात बालसेवा. आणि त्याच दमात गृहीतकही येते, की या सेवेमुळे तीन वर्षांत नवजात मृत्यूदर किमान २५ टक्क्यांनी घटेल. म्हणजे अपयश आले तर ते कशाला म्हणायचे, हे लेखकांनी आरंभीच स्वतःवर बंधन म्हणून लिहून ठेवले. ३९ गावांत सेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतील नवजात मृत्यूदरात तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के घट दिसली. अपेक्षेच्या दुपटीहून अधिक यश मिळूनही अखेरीचा सूर संयतच राहिला. ही पद्धत स्वीकारार्ह व व्यवहार्य आहे, आमच्या अभ्यासातील लोकसंख्येत तिने मृत्यू कमी केले आणि विकसनशील देशांत ती तसे करू शकेल, असा तो सूर. ‘करू शकेल’ आणि ‘करील’ यांतील अंतर हेच शोधनिबंधाच्या अखेरीचे मर्म.

या संयमाचे फळ काय? निष्कर्ष कोणत्या लोकसंख्येला लागू, पद्धत कोणती, खर्च किती, हे सर्व स्पष्ट असल्यामुळे इतरांना तो तपासून पाहता आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवा देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

एक विषय, दोन शीर्षके

याच अभ्यासकांच्या आणखी एका कामात दोन्ही वाटा शेजारीशेजारी दिसतात. महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी नोंद प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी आहे, हे दाखवणारा मराठी अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. पुढच्या वर्षी, डिसेंबर २००२ मध्ये, याच विषयावरील लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात आला. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ केवळ ‘महाराष्ट्रातील बालमृत्यू’ असा होता. पहिल्या नावाने वृत्तपत्रे, विधिमंडळ आणि सामान्य वाचक यांना हलवले. ते दोन शब्द मराठीत रूढच झाले. दुसऱ्या नावाने अभ्यासकांना हा लेख नेमका सापडण्याची सोय केली. ‘कोवळी पानगळ’ या नावाने इंग्रजी पत्रिकेत शोध घेणाऱ्याला तो मिळाला नसता आणि ‘महाराष्ट्रातील बालमृत्यू’ या नावाने मराठी घराघरांत चर्चा झाली नसती. यांतील एक शीर्षक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे नाही; दोघांची कामे निराळी आहेत.

राजुऱ्याजवळचा एक नमुना

आता हाच फरक एका स्थानिक विषयावर पाहू. राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. जुन्या सीमेची सावली मात्र आजच्या जिवती तालुक्यातील १४ गावांवर दीर्घकाळ राहिली. दोन राज्यांचा दावा, दोन्हीकडच्या शाळा आणि योजना, दोन्हीकडची ओळखपत्रे अशी तेथील स्थिती अनेकदा बातम्यांत आली.

या विषयावरील मासिकातील लेखाचा आरंभ नमुन्यादाखल असा होऊ शकेल : ‘पहाडावरच्या या घरात शिधापत्रिका दोन आहेत. एक मराठीत, दुसरी तेलुगूत. घर मात्र एकच, आणि पावसाळ्यात त्याचे छप्पर गळते तेव्हा कोणत्या सरकारकडे जायचे, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.’

शोधनिबंधाचा आरंभ याउलट असा असेल : ‘राज्य पुनर्रचनेनंतरच्या सीमाप्रश्नाचा विचार प्रामुख्याने भाषा व राजकारण यांच्या अंगाने झाला आहे. दुहेरी प्रशासन असलेल्या गावांतील कुटुंबे कोणती सेवा कोणत्या राज्याकडून घेतात, याची घरोघर जाऊन केलेली नोंद त्या मानाने दुर्लक्षित आहे. प्रस्तुत निबंधात जिवती तालुक्यातील सीमावर्ती गावांपुरता हा प्रश्न तपासला आहे.’ येथे स्वेल्स यांची तीनही पावले तीन वाक्यांत आली. छप्पर गळणारे घर निबंधातही येईल, पण ते तक्त्यातील एक नोंद म्हणून.

अखेर कशी असावी?

मासिकातील लेखाची अखेर वाचकाच्या मनात काही रेंगाळत ठेवते. ती कधी आरंभीच्या चित्राकडे परतते, कधी पुढे काय होणार याकडे बोट दाखवते, तर कधी एखाद्या साध्या तपशिलावर थांबते. वरील लेखाचा शेवट नव्या नकाशाची वाट पाहणाऱ्या गावकऱ्यावर होऊ शकेल. सर्व मुद्द्यांची उजळणी तेथे नको. वाचकाने ते नुकतेच वाचलेले असतात.

शोधनिबंधाची अखेर वाचकाला काम देते. काय सापडले, ते आधीच्या संशोधनाशी कोठे जुळते वा विसंगत ठरते, अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या आणि पुढे काय तपासायला हवे, या क्रमाने ती जाते. ‘हा अभ्यास एकाच हंगामात झाला, कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे त्यात आलेली नाहीत, म्हणून हे निष्कर्ष सर्व सीमावर्ती गावांना लागू करता येणार नाहीत’ अशी वाक्ये मासिकात रटाळ वाटतील, निबंधात मात्र तीच लेखकाच्या प्रामाणिकपणाची साक्ष ठरतात. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरील आपल्या एक-दीड पानी निबंधाच्या अखेरीजवळ, या रचनेतून आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी निघत असेल हे आपल्या ध्यानात आले आहे, एवढेच नोंदवले. विसाव्या शतकातील एक थोर शोध त्यांनी असा एका सूचक वाक्यात सांगितला.

येथे एक गोष्ट विसरू नये. संयमाचा अर्थ अंग चोरणे असा नव्हे. जे सिद्ध झाले ते ठामपणे आणि जे झाले नाही ते तसे नाही म्हणून सांगणे, म्हणजे संयम. प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ जोडणारा निबंध प्रत्येक वाक्यात डंका पिटणाऱ्या निबंधाइतकाच निरुपयोगी असतो.

वाटा चुकल्या की काय होते?

दोन वाटांची सरमिसळ केवळ वाचकाला कंटाळा आणून थांबत नाही. संशोधनाची अखेर मासिकात वा वृत्तपत्रात येताना तिच्या मर्यादा गळून पडतात, तेव्हा ‘दोन गावांत आढळले’ याचे ‘देशभर आहे’ होते आणि ‘संबंध दिसतो’ याचे ‘कारण सापडले’ होते. खाणीजवळच्या गावातील आजारांविषयी असे एखादे सैल विधान छापून आले की विरोधी बाजूस ते सहज खोडता येते, आणि त्याबरोबर खरी तक्रारही खोटी ठरवली जाते. वनहक्काच्या दाव्याचेही तसेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या ठरावांच्या आणि अभ्यासाच्या बळावर. नेमके काय माहीत आहे आणि ते कशावरून, हे मांडण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. त्याच गावाची कहाणी चांगल्या लेखांतून सर्वदूर पोहोचली नसती तर इतर गावांना तिचा आधार मिळाला नसता, हेही तितकेच खरे.

शोधनिबंधांच्या संख्येवर पदोन्नती आणि पदवी अवलंबून राहिल्याने, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पीक देशभर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली. अशा पत्रिका ओळखण्याची एक सोपी खूण आरंभ-अखेरीतच असते. ज्या निबंधांच्या प्रस्तावनेत मोकळी जागा दाखवलेली नाही आणि ज्यांच्या अखेरीस एकही मर्यादा सांगितलेली नाही, ते निबंध छापणाऱ्या पत्रिकेत परीक्षण झाले असण्याचा संभव कमीच.

मराठी लेखणीचे दोन जुने रोग येथे सांगायला हवेत. आरंभी ‘प्राचीन काळापासून’ आणि अखेरीस ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’ किंवा ‘ही काळाची गरज आहे’. ही वाक्ये मासिकात वाचकाला थांबवत नाहीत आणि निबंधात परीक्षकाला काही सांगत नाहीत. ती गाळून पाहावीत. बहुतेक वेळा खरा आरंभ दुसऱ्या परिच्छेदात दडलेला सापडतो आणि खरी अखेर उपान्त्य परिच्छेदात.

लिहायला बसण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहून काढावीत. वाचकाने हे का वाचावे? आणि वाचून झाल्यावर त्याच्या हाती काय उरावे? मासिकाच्या वाचकाच्या हाती समज आणि आस्था उरावी; पत्रिकेच्या वाचकाच्या हाती तपासता येईल असे विधान उरावे. राजुरा-जिवतीच्या पहाडावरील नोंदवह्यांना या दोन्ही वाचकांची गरज आहे. ज्या अभ्यासकाकडे चांगली माहिती आहे त्याने ती दोनदा लिहावी, एकदा शेजाऱ्यासाठी आणि एकदा परीक्षकासाठी. मात्र एकासाठी लिहिलेले पहिले व शेवटचे पान दुसऱ्याला पाठवू नये.